क्रोएशियाचा किनारा, दोघं आणि एक गाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रियेकापासून डुब्रोव्निकपर्यंत आड्रियाटिक समुद्राच्या कडेकडेनं जाणाऱ्या रस्त्याला क्रोएशियात ‘यादरान्स्का मागिस्त्राला’ म्हणतात. नकाशावर तो डी ८ म्हणून दिसतो. आम्ही नवरा-बायको तिथून फिरून आल्यापासून ओळखीतली जोडपी फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केलेत. जिथे सांगण्यासारखं खूप आहे तिथे उत्तर लांबलं आहे, बाकी ठिकाणी एका वाक्यात काम उरकलं आहे.

एवढा युरोप सोडून क्रोएशियाच का?

रस्त्यासाठी. एका हाताला वेलेबितचा करडा डोंगर थेट समुद्रातून वर चढलेला, दुसऱ्या हाताला किनाऱ्याला समांतर पसरलेली बेटं, आणि दोन्हींच्या मधून जाणारा हा दुपदरी रस्ता. १९६५ साली तो पूर्ण झाला, तोवर इथल्या बऱ्याच गावांचा बाहेरच्या जगाशी संबंध बोटीनंच यायचा. शिवाय झादार, शिबेनिक, त्रोगिर, स्प्लिट ही जुनी शहरं एकमेकांपासून तास-दीड तासावर आहेत, त्यामुळे दिवसभर गाडीत बसून राहावं लागत नाही.

उत्तरेकडून निघावं की दक्षिणेकडून?

उत्तरेकडून. यावर आमच्या घरात दुमत नाही, आणि असं फार कमी गोष्टींबाबत होतं.

कारण सरळ आहे. क्रोएशियात वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. दक्षिणेकडे जाताना समुद्र तुमच्या उजव्या हाताला, म्हणजे तुमच्याच लेनला लागून राहतो. देखावा बघायला थांबायचं तर समोरून येणाऱ्या वाहनांना छेद द्यावा लागत नाही. इंडिकेटर द्यायचा आणि थांब्यावर गाडी घ्यायची. उलट दिशेनं आलात तर प्रत्येक थांब्यासाठी आंधळ्या वळणांच्या रस्त्यावर डावीकडे वळावं लागतं. स्टिअरिंग डावीकडे असल्यानं शेजारी बसणारी व्यक्ती अगदी समुद्राच्या बाजूला येते, आणि संध्याकाळी सूर्यही त्याच बाजूला बुडतो.

किती दिवस हवेत?

रियेका ते डुब्रोव्निक हे अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. आकडा बघून लोक म्हणतात, ‘दोन दिवसांत होईल की!’ होतं, पण मग गाडीतून उतरायचं नाही. नऊ-दहा दिवस हा आरामाचा हिशोब. हातात पाच-सहाच दिवस असतील तर स्प्लिट ते डुब्रोव्निक एवढाच टप्पा नीट करा आणि उत्तर सोडून द्या. सगळं थोडं थोडं बघण्याच्या नादात संध्याकाळी नव्या गावात पार्किंग शोधत फिरायची वेळ येते, आणि जोडप्यांची निम्मी भांडणं तिथेच होतात.

समांतर मोटरवे असताना या वळणावळणाच्या रस्त्यानं का जायचं?

ए १ मोटरवे डोंगराच्या पलीकडून जातो. उत्तम आहे, वेगवान आहे, टोल आहे आणि बराच काळ समुद्र दिसत नाही. त्याचा उपयोग जरूर करावा, पण कंटाळवाण्या किंवा धोक्याच्या भागासाठी: जोराचा पाऊस, उशीर झालेली संध्याकाळ, किंवा झाग्रेबला विमानातून उतरून किनारा गाठताना. तिकीट घेऊन आत शिरायचं आणि बाहेर पडताना कार्डानं किंवा रोखीनं पैसे द्यायचे, एवढाच त्याचा व्यवहार. डी ८ वर टोल नाही.

सेन्य ते कार्लोबाग आणि ओमिश ते माकार्स्का हे दोन टप्पे मात्र मोटरवेच्या मोहात पडून टाळू नका.

कुठल्या महिन्यात जावं?

जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर. सप्टेंबर अधिक चांगला, कारण उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हाही पोहण्याजोगं असतं आणि शाळा सुरू झाल्यानं युरोपातली कुटुंबं घरी गेलेली असतात. जुलै-ऑगस्टमध्ये गजबजलेल्या गावांजवळ गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. नोव्हेंबर ते मार्च किनाऱ्यावरची निम्म्या खानावळी आणि भाड्याच्या खोल्या बंद असतात.

‘बुरा’ वाऱ्याचं लोक फार सांगतात. खरंच एवढा त्रास होतो?

होतो. बुरा हा ईशान्येकडून येणारा कोरडा, थंड वारा. डोंगरापलीकडे साठलेली जड थंड हवा वेलेबितच्या खिंडींतून समुद्राकडे घसरते आणि खाली येताना वेग घेते. तो एकसारखा वाहत नाही, झटके देतो. हिवाळ्यात इथे ताशी २०० किलोमीटरच्या वरचे झोत नोंदले गेलेत. सेन्य हे त्याचं माहेरघर. पाग बेटाच्या समोरच्या भागात बेटांची डोंगराकडची बाजू अगदी बोडकी दिसते, ती याच वाऱ्यामुळे: समुद्राचं पाणी तो फवाऱ्यासारखं उडवतो, आणि त्या मिठात काही उगवत नाही.

वारा वाढला की रस्ता टप्प्याटप्प्यानं बंद करतात. आधी मोटरसायकली आणि उंच गाड्या, मग गरज पडली तर सगळ्यांनाच. उन्हाळ्यात असे प्रसंग कमी येतात, पण येतच नाहीत असं नाही. सकाळी निघण्यापूर्वी क्रोएशियन ऑटो क्लबच्या, म्हणजे ‘हाक’च्या अ‍ॅपवर रस्त्यांची स्थिती बघून घ्या. आणि वारा असताना गाडीचं दार उघडायचं तर एका हातानं घट्ट धरून. दार उलटं फिरून बिजागरी वाकली तर त्याचा भुर्दंड भाड्याच्या विम्यात बसेलच असं नाही.

दक्षिणेकडून येणारा ‘यूगो’ वेगळा. तो दमट, ढगाळ, मोठ्या लाटांचा. त्यात रस्ता बहुधा चालू राहतो, बोटी मात्र रद्द होतात.

व्हिसा कोणता लागतो?

१ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि त्याच दिवसापासून तिथे युरो चालतो. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. सोबत किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवास विमा. कुठे ‘कुना’ हे जुनं चलन दिसलं तर ती माहिती कालबाह्य समजा.

खरी मेख पुढे आहे. डुब्रोव्निकच्या अलीकडे बोस्निया आणि हर्झेगोविना या देशाचा सुमारे वीस किलोमीटरचा किनारा मध्येच येतो: नेउम. याचं मूळ १६९९ च्या तहात. व्हेनिसची सत्ता थेट सीमेला भिडू नये म्हणून डुब्रोव्निकच्या प्रजासत्ताकानं मधली पट्टी ओटोमन साम्राज्याला देऊन टाकली होती. तेव्हाची ती शेजारनीती आजही तुमच्या व्हिसाच्या आड येते! जुना डी ८ नेउममधून जातो, म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत यावं लागतं. व्हिसा सिंगल एंट्री असेल तर बाहेर पडलात की परतीचं दार बंद.

उपाय म्हणजे पेल्येशाच पूल. २६ जुलै २०२२ ला तो खुला झाला. लांबी २,४०४ मीटर, टोल नाही. पुलावरून पेल्येशाच द्वीपकल्पावर उतरून स्तोनमार्गे डुब्रोव्निक गाठता येतं आणि देश सोडावा लागत नाही. नकाशाच्या अ‍ॅपवर विसंबून राहू नका. पूल हा वाटेतला थांबा म्हणून स्वतः टाका.

गाडी भाड्यानं घेताना काय बघायचं?

मूळ लायसन्स, आरटीओतून घेतलेला आंतरराष्ट्रीय परवाना आणि गाडी ज्याच्या नावे त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड. डेबिट कार्डावर अनामत रक्कम अडवून ठेवायला अनेक काउंटरवाले नकार देतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच सांगा, नाहीतर गिअरची गाडी मिळते आणि उजव्या हातानं गिअर टाकायचा सराव तिथल्या चढावर करावा लागतो. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडण्याचे पैसे वेगळे पडतात. ते बिनतक्रार द्या, आल्या रस्त्यानं परत जाण्यात दोन दिवस फुकट जातात.

गाडी छोटी घ्या. जुन्या गावांतल्या गल्ल्या आणि पार्किंगच्या जागा मोठ्या गाड्यांचा विचार करून बांधलेल्या नाहीत. ताब्यात घेतानाच चारी बाजूंचा, चाकांच्या रिमचा आणि काचेचा व्हिडिओ काढून ठेवा.

उजव्या बाजूनं गाडी चालवणं जमेल का?

जमतं. वाहता रस्ता असेल तर पुढच्या गाडीच्या मागे जात राहायचं, डोकं आपोआप जुळवून घेतं. गडबड होते ती सकाळी, रिकाम्या पार्किंगमधून बाहेर पडताना, जेव्हा समोर बघून शिकायला कोणीच नसतं. त्या क्षणी शेजारच्यानं मोठ्यानं ‘उजवीकडे!’ म्हणायचं, असा आमचा नियम होता. गोल चौकात घड्याळाच्या उलट दिशेनं फिरायचं आणि डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.

मग दोघांपैकी चालवायचं कोणी?

शक्य असेल तर दोघांनी. दुसऱ्या चालकाचं नाव करारात घालायला थोडे पैसे लागतात, पण ते वाचवू नका. वर म्हटल्याप्रमाणे सगळा समुद्र शेजारच्या सीटवाल्याला मिळतो. चालकाच्या वाट्याला खडक, पांढरी रेघ आणि आरशात चिकटून आलेली स्थानिक गाडी. एकच जण रोज चालवत राहिला तर परतल्यावर दोघांनी दोन वेगळे प्रवास केल्यासारखं होतं. पन्नास-साठ किलोमीटरला अदलाबदल करा. मागे रांग लागली असेल तर पुढच्या थांब्यावर बाजूला होऊन सगळ्यांना जाऊ द्या. तिथे यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

वेग, दारू, दंड यांचे नियम?

वस्तीत ५०, वस्तीबाहेर ९०, मोटरवेवर १३०. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा प्रतिलिटर अर्धा ग्रॅम. पण पेल्येशाचवर द्राक्षमळेवाल्याकडे चव घ्यायला थांबणार असाल तर चालवणाऱ्यानं सरळ पाणी प्यावं. हिवाळी महिन्यांत दिवसाही दिवे चालू ठेवावे लागतात. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीतून उतरताना चकाकणारं जाकीट अंगात हवं, म्हणून ते डिकीत नाही, हाताशी ठेवा. गाडी अडली तर ‘हाक’चा नंबर १९८७, आणीबाणीत ११२.

वाटेत कुठे थांबलंच पाहिजे?

यादी द्यायला गेलो तर संपणार नाही, म्हणून आम्हाला पटलेली ठिकाणं तेवढी.

यब्लानाकजवळची झाव्रात्नित्सा. गाडी वर ठेवून पायवाटेनं गेलं की खडकांच्या मध्ये शिरलेली सुमारे नऊशे मीटर लांबीची अरुंद खाडी उघडते. पाणी इतकं नितळ, की दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जर्मन बोटीचा सांगाडा वरूनही कळतो. डी ८ वरून सुसाट जाणाऱ्यांना तिचा पत्ताही लागत नाही.

झादारचा सागरी ऑर्गन. वास्तुकार निकोला बाशिच यांनी २००५ मध्ये केलेली ही कल्पना. पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांखाली ३५ नळ्या आहेत. लाट आत शिरली की हवा ढकलली जाते आणि पायरीतल्या भोकांतून सूर येतो. पाणी शांत असताना एखादाच घोगरा, लांबलेला स्वर. मग दुरून फेरीबोट जाते, काही क्षण काहीच होत नाही, आणि तिच्या लाटा पोचल्या की एकदम चार-पाच सूर एकमेकांत गुंततात. सूर्यास्ताला इथे गर्दी असते. तुम्ही सकाळी लवकर या, पायऱ्या मोकळ्या मिळतील.

शिबेनिकचं सेंट जेम्स कॅथेड्रल. १४३१ ते १५३५ असं शंभर वर्षं चाललेलं काम, छतासकट दगडात. मागच्या बाजूला भिंतीवर ओळीनं सत्तरहून अधिक माणसांची डोकी कोरली आहेत: कोणी चिडलेला, कोणी पेंगुळलेला, कोणी शेजाऱ्यावर संशय घेणारा. संतबिंत नव्हेत, साधी माणसं. आम्ही दोघांनी एकमेकांच्या नातेवाइकांचे चेहरे शोधण्यात बराच वेळ घालवला.

प्रिमोश्तेनच्या मागचे द्राक्षमळे. खडकाळ जमिनीतून वेचलेल्या दगडांचे गडगे रचून छोटे छोटे चौकोन केलेत, आणि प्रत्येकात मोजक्या वेली. माती चिमूटभर, गडगे मैलोन् मैल. चुना-सिमेंटशिवाय दगड रचण्याची ही कला २०१८ पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे.

स्प्लिट. रोमन सम्राट डायोक्लेशननं ३०५ साली पदत्याग केला आणि इथल्या राजवाड्यात राहायला आला. त्याच्या भिंतींच्या आत आजही लोक राहतात, वर कपडे वाळत असतात. ख्रिश्चनांचा छळ करणाऱ्या या सम्राटाचं समाधिस्थळच पुढे कॅथेड्रल झालं, आणि तेही त्याच्याच काळात मारल्या गेलेल्या बिशप दोम्नियसच्या नावानं. सूड घ्यावा तर असा!

ओमिशच्या पुढे बियोकोवोचा डोंगर रस्त्यावर कलल्यासारखा वाटतो. त्याचं शिखर १,७६२ मीटर उंच आहे आणि खाली समुद्र. त्यानंतर नेरेत्वा नदीचा हिरवा त्रिभुज प्रदेश येतो. ऑक्टोबरात इथे रस्त्याकडेला संत्र्यांची भावंडं, मँडरीन, पिशव्या भरभरून विकायला असतात.

क्रका राष्ट्रीय उद्यानातले धबधबे सुंदर आहेत, पण स्क्रादिन्स्की बुक धबधब्याखाली पोहायला २०२१ पासून बंदी आहे. जुने फोटो बघून पोहण्याचे कपडे घेऊन जाणारे हिरमुसतात.

मुक्काम कुठे करायचा? लग्नाचा दाखला मागतात का?

दाखला कोणी मागत नाही. पासपोर्ट मात्र दोघांचेही मागतात, कारण प्रत्येक पाहुण्याची सरकारी प्रणालीत नोंद करणं यजमानावर बंधनकारक आहे. हॉटेलापेक्षा ‘अपार्तमानी’ किंवा ‘सोबे’ अशी पाटी लावलेली घरगुती जागा घ्या. बुक करताना दोनच प्रश्न विचारा: गाडी ठेवायला स्वतःची जागा आहे का, आणि स्वयंपाकघर आहे का. समुद्र दिसतो का हे विचारायची गरज नसते, ते मालक आपणहून सांगतो.

शाकाहारी जोडप्याचे हाल होतात का?

हाल नाही, पण तोचतोचपणा येतो. खानावळीला तिथे कोनोबा म्हणतात आणि तिथला सगळा जोर मासळीवर. ब्लित्वा, म्हणजे लसूण-ऑलिव्ह तेलात परतलेली पालेभाजी आणि बटाटा, सगळीकडे मिळते. ती माशाबरोबरची म्हणून लिहिलेली असते, वेगळी मागायची. ओमिशच्या मागच्या पोलित्सा भागातलं सोपार्निक चुकवू नका: पातळ पोळ्यांच्या मध्ये पालेभाजी भरून चुलीच्या निखाऱ्यांवर भाजलेलं, वरून लसूण आणि तेल. पेकारा, म्हणजे बेकरीत, चीजचा बुरेक, म्हणजे पातळ पापुद्र्यांत सारण भरून भाजलेला पदार्थ, मागा. नुसता बुरेक म्हटलं की बहुधा मांसाचा येतो. काळा रिसोटो म्हणजे कटलफिशच्या शाईतला भात, रंगावरून भलताच अंदाज नको.

किराणा शनिवारीच भरून ठेवा. २०२३ च्या कायद्यानं दुकानांना वर्षातले १६ रविवारच उघडं राहता येतं.

पोहण्यासाठी वाळूचे किनारे आहेत का?

फार थोडे. बहुतेक ठिकाणी गोटे आणि खडक, त्यात काटेरी समुद्री साळिंदरं. रबरी बूट पहिल्याच गावात विकत घ्या. ‘एफकेके’ अशी पाटी दिसली तर पुढचा किनारा विवस्त्र स्नानाचा आहे. क्रोएशियात ही जुनी, सर्वमान्य प्रथा आहे. टक लावून बघायचं नाही आणि फोटो तर अजिबात काढायचे नाहीत.

गाडी बेटावर न्यावी का?

फक्त एका बेटावर, आणि मुक्काम असेल तरच. हंगामात स्थानिक फेरीचं तिकीट हातात असलं तरी गाडीला जागा रांगेप्रमाणे मिळते. दिवसभरासाठी जायचं तर गाडी बंदरात ठेवून पायी बोटीत चढा.

डुब्रोव्निकला गाडी कुठे ठेवायची?

ठेवूच नका. जुन्या शहरात वाहनं जात नाहीत आणि भोवतालचं पार्किंग अव्वाच्या सव्वा महाग आहे. पुढे गाडीनं मॉन्टेनेग्रोला जाणार नसाल तर पोचल्याच दिवशी ती परत करा आणि शहरात बसनं फिरा. वाटेत स्तोनला मात्र थांबून या. तिथल्या मिठागरांतून मीठ काढणं अजून चालू आहे आणि त्यांच्या रक्षणासाठी बांधलेली तटबंदी डोंगरावर चढत जाते.

डुब्रोव्निकच्या तटावरची फेरी १,९४० मीटरची, एकाच दिशेनं. तिकीट महाग, सावली जवळजवळ नाही, म्हणून दरवाजे उघडताच आत शिरा. वरून खालची कौलं नीट बघा. फिकट, डागाळलेली कौलं जुनी. लालभडक दिसणारी १९९१-९२ च्या वेढ्यातल्या तोफगोळ्यांनंतर बसवलेली. लालभडकच जास्त आहेत.

तिथून मॉन्टेनेग्रोत कोटोरला जाऊन यावं का?

व्हिसा मल्टिपल एंट्री असेल आणि भाड्याच्या करारात सीमेपलीकडे नेण्याची लेखी परवानगी असेल तर जरूर जा, पण उन्हाळ्यात सीमेवर तासन् तास जाऊ शकतात. दोन्हींपैकी एक जरी नसेल तर तो दिवस त्रस्तेनोच्या जुन्या वनस्पती उद्यानात घालवा. डुब्रोव्निकहून ते वीस-बावीस किलोमीटरवर आहे, बसही जाते, आणि फाटकाबाहेरचे दोन अजस्र चिनाराचे वृक्ष बघायला तिकीट लागत नाही.